कोल्हापुरातले होमवर्कचे क्लास: काय मिळतं, काय जातं

‘पहिली ते सातवी, सर्व विषय, होमवर्क करून घेतला जाईल.’ ही पाटी आता राजारामपुरीपासून फुलेवाडीपर्यंत कुठल्याही गल्लीत दिसते. कधी पार्किंगमधल्या खोलीवर, कधी वरच्या मजल्याच्या गॅलरीला, कधी नुसतीच लाईटच्या खांबाला बांधलेली. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. शिष्यवृत्तीचे, दहावी-बारावीचे किंवा नीट-जेईईचे क्लास यात धरलेले नाहीत. शाळेनं दिलेला अभ्यास रोज करून घेणं एवढंच ज्यांचं काम, तेवढेच क्लास. नाव कुणाचंही नाही, कारण मॅडम बदलल्या की त्याच पाटीखालचा क्लास बदलतो. प्रकार ओळखता आला तर जास्त उपयोग.

आधी माप ठरवू. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात गृहपाठाचे आकडे स्पष्ट आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला एक तास, त्यापुढं दोन. आता क्लासचं वेळापत्रक त्याच्याशेजारी ठेवा. संध्याकाळी सहा ते आठ, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे बारा तास. वर्षाचे ४० आठवडे धरले तर ४८० तास होतात. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी अख्ख्या वर्षाच्या अध्यापनाचे तास ८०० आहेत, तेही २०० दिवसांत. म्हणजे चौथीचं पोरगं शाळा सुटल्यावर अर्ध्याहून जास्त शाळा पुन्हा भरतं, आणि ही दुसरी शाळा दमलेल्या अंगानं.

शाळा धोरणातल्या दोन तासांपेक्षा जास्त देते, हे सगळ्यांना माहीत आहे. दुप्पट दिलं असं धरा, चार तास झाले. तरी आठ तास उरतात. ते कुठं जातात हे बघायला क्लासमध्ये एक संध्याकाळ शेवटच्या रांगेमागं उभं राहायचं.

खोलीत अठरा मुलं, दुसरी ते सातवी, मॅडम एक. १२० मिनिटांतून चपला काढणं, हजेरी, पाणी, ‘मॅडम, बाथरूम’ यात वीस गेली. राहिली १००. प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच मिनिटं. उरलेला वेळ मूल एकतर उतरवून काढतं, नाहीतर वही पुढं करून नंबराची वाट बघत बसतं. मॅडम वाईट नसतात. साडेपाच मिनिटांत जेवढं होतं तेवढं त्या करतात, आणि तेवढ्या वेळात एकच गोष्ट होते: वही पूर्ण.

वही पूर्ण होणं आणि मुलाला येणं यातला फरक गणिताच्या एका उदाहरणात दिसतो. ३४७ गुणिले २६ घ्या. ६ नं गुणलं की २०८२. दुसरी ओळ २० ची, म्हणून आधी शून्य टाकायचं (काही शाळांत फुली मारतात) आणि मग ६९४. ते शून्य राहिलं की २०८२ मध्ये नुसते ६९४ मिळवले जातात आणि उत्तर येतं २७७६. ही चूक चौथी-पाचवीत घरोघरी होते. गर्दीतल्या क्लासमध्ये खोडरबर फिरतं, ‘शून्य विसरलास, टाक,’ असं म्हटलं जातं आणि ९०२२ लिहून पुढची वही. दोन आठवड्यांनी तीच चूक तशीच. जाणती बाई खोडत नाही. ती विचारते, ‘३५० चे २५ पट साधारण किती?’ पोरगं बोटं मोडत साडेआठ-नऊ हजारांपर्यंत येतं. ‘मग तुझे २७७६ कसे?’ आता ते स्वतःच शून्य शोधायला लागतं. याला दीड मिनिट जास्त लागतं. अठरा मुलांत ते परवडत नाही, आठ मुलांत परवडतं. अख्ख्या सेवेचा दर्जा या दीड मिनिटावर ठरतो.

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा पाटी, खुर्च्या, एसी बघू नका. तिथल्या दुसऱ्या मुलाची जुनी वही मागून घ्या आणि भागाकार-गुणाकाराची चार पानं चाळा. हातच्याचे बारीक आकडे डोक्यावर लिहिलेले आहेत का? शेजारी कच्चं काम आहे का? मुलानं स्वतः काट मारून दुरुस्त केलेलं कुठं दिसतं का? नुसती स्वच्छ उत्तरं आणि खाली लाल शाईतली सही असेल तर ते फळ्यावरून उतरलेलं आहे. मराठीच्या वहीत तपास आणखी सोपा. ‘आनंद गगनात न मावणे’ याचा वाक्यात उपयोग सहा वह्यांत बघा. सहाही वह्यांत परीक्षेत पहिला नंबर आल्यावर रामूचाच आनंद गगनात मावेनासा झाला असेल, तर वाक्य रामूचंही नाही आणि मुलांचंही नाही.

प्रकार मुख्यतः तीन. घरगुती वर्ग हा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात बरा. गल्लीतल्या एखाद्या काकू किंवा डीएड झालेल्या मॅडम हॉलमध्ये सतरंजी टाकून आठ-दहा मुलं घेतात. मूल चालत जातं, मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, रिक्षावाल्या मामांचा वेगळा खर्च नाही, आणि लेकरू आजारी असेल तर काकूंना न कळवताच कळलेलं असतं. खोट दोन ठिकाणी निघते. एक, घरात लग्न-बारसं-पाहुणे आले की सुट्टी, आणि ती आयत्या वेळी. दोन, सेमी-इंग्रजी. शाळेत गणित इंग्रजीतून, काकूंचं शिक्षण मराठीतून. शाळा म्हणते एलसीएम, एचसीएफ; काकू म्हणतात लसावि, मसावि. दोन्ही बरोबर. पण सहावीच्या मुलाला या दोन वेगळ्या भानगडी वाटतात आणि तो दोन्हीकडं गप्प बसतो. काकूंनी शाळेचं पुस्तक समोर ठेवून त्यातलाच शब्द वापरायचा, एवढं पहिल्या दिवशी ठरवून घेतलं की हा त्रास जातो. माझ्या मते नीट चालणाऱ्या घरगुती वर्गाला पाचपैकी चार.

मोठी अकॅडमी म्हणजे दोन-तीन खोल्या, अंगठ्याची हजेरी, पालकांच्या मोबाईलवर मेसेज, दर शनिवारी टेस्ट. शिस्त दिसते आणि सुट्ट्या कमी. पण होमवर्कसाठी ही जागा चुकीची. शाळेच्या गृहपाठावर अकॅडमी स्वतःचा गृहपाठ चढवते, कारण तिला टेस्टचे मार्क दाखवायचे असतात. शाळेचा अभ्यास क्लासमध्ये, क्लासचा अभ्यास घरी, आणि मुलाला मोकळा वेळ म्हणून काही उरतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं कोचिंग सेंटरसाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. त्यांत ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या ठिकाणी १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दर विद्यार्थी किमान एक चौरस मीटर जागा असावी आणि आठवड्याची सुट्टी असावी असं म्हटलं आहे. एक चौरस मीटर म्हणजे किती, हे बघायला जमिनीवर तीन फूट-तीन इंचांचा चौकोन आखा आणि मग त्या खोलीतली डोकी मोजा. पहिली-दुसरीच्या मुलाला अशा ठिकाणी घालायचं कारण आम्हाला सापडत नाही. पाचपैकी दीड.

तिसरा प्रकार पाळणाघराला जोडलेला. इथं एक बदल लक्षात घ्यायला हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला. मुलांची झोप नीट व्हावी हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. पण शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या घरात आई-बाप आठलाच बाहेर पडतात. म्हणजे सकाळी तासभर मूल कुणाकडं, आणि दुपारी दोनपासून सहापर्यंत कुणाकडं, हे दोन प्रश्न उभे राहिले. दुपारच्या वेळेला पाळणाघर-कम-होमवर्क हे चांगलं उत्तर आहे. जेवण, तासभर आडवं होणं, साडेतीन ते साडेचार अभ्यास, पाचला मोकळं. आई-बाप घरी येतील तेव्हा दप्तर बंद झालेलं असतं. यात बघायचं ते अभ्यासापेक्षा स्वयंपाकघर, संडास आणि जिना. वरच्या मजल्यावर असेल तर जिन्याला कठडा आहे का आणि खाली उतरायला दुसरी वाट आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे भरू नका. चार द्यायला हरकत नाही. अर्धा गुण टीव्हीसाठी कापा, कारण तो बहुतेक ठिकाणी चालूच असतो.

घरी येऊन शिकवणाऱ्या सरांचा चौथा प्रकार महाग आणि बहुधा गरजेपलीकडचा. मूल आजारपणामुळं मागं पडलं असेल तर दोन महिन्यांपुरता ठीक. मोबाईलवरच्या ॲपबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारच्या ‘दीक्षा’ या ॲपवरचं साहित्य फुकट मिळतं, तिसरी-चौथीला तेवढं पुरतं.

एक गोष्ट सरळ नियमाची. वर्गशिक्षिकाच संध्याकाळी त्याच मुलांचा क्लास घेत असेल, तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खाजगी शिकवणी करायला बंदी आहे. पालकांना ही सोय वाटते, ‘बाईंनाच माहीत काय द्यायचंय ते.’ पण क्लासला न येणाऱ्या मुलांची वही शाळेत कशी तपासली जाईल, हा प्रश्न त्या सोयीच्या पोटात बसलेला असतो.

आता वेळ. क्लास किती वाजता आहे, याकडं पालक फक्त स्वतःच्या सोयीनं बघतात. आकाशाकडंही बघा. कोल्हापुरात जूनमध्ये सातनंतर सूर्य मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. दुपारची शाळा पाचला सुटते, पोरगं साडेपाचला घरी येतं. थंडीत त्याच्याकडं खेळायला उजेडाचा अर्धा तास असतो. साडेपाचचा क्लास तेवढा अर्धा तासही खातो. थंडीत साडेसहाचा क्लास चालेल, अंधार पडलेलाच असतो. उन्हाळ्यात मात्र साडेसहाचा क्लास उजेड असतानाच मुलाला खोलीत कोंडतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सांगते. तालमींच्या आणि फुटबॉलच्या गावात ही गोष्ट संघटनेकडून ऐकायची वेळ यावी, यापरतं काय सांगायचं. पेठेतल्या पोरांना शाहू स्टेडियमवरच्या मॅचचा निकाल पाठ असतो, पण बुटाला माती लागलेली नसते. क्लासवाल्यांशी बोलून हंगामाप्रमाणे वेळ बदलून घेता येते. चार पालक एकत्र गेले की बहुतेक ठिकाणी ऐकतात, एकटा गेला की ‘बॅच ठरलीय’ असं उत्तर मिळतं.

सुट्टीचा वारही असाच विचारून घ्या. क्लासला रविवारी सुट्टी, हे गृहीत असतं. पण वडिलांचं दुकान किंवा कारखाना सोमवारी बंद राहत असेल, तर रविवारी बाप कामावर आणि सोमवारी पोरगं शाळेतून क्लासला. अख्ख्या आठवड्यात दोघांची गाठ जेवायच्या ताटावर. अशा घरानं क्लासकडून सोमवारची संध्याकाळ मागून घ्यावी. फी कमी करा म्हणू नका, फक्त सोमवार द्या म्हणा. हे सहज मिळतं, कारण मॅडमना एक मूल कमीच होतं. त्या दिवशी रंकाळ्यावर जा, नाहीतर दळण आणायला जा, दोन्ही चालतं. गिरणीत पाच किलो ज्वारीचं दळण किलोच्या भावानं किती, हा हिशेब पोराला करू दिला तर तो स्वाध्यायापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.

रोजच्या भांडणाचं मूळ मात्र वेगळ्याच ठिकाणी असतं, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. क्लास आठला सुटतो आणि सव्वाआठला ग्रुपवर फोटो येतो: पान ४२, प्रश्न १ ते ६, उद्या वही तपासणार. मूल क्लासमध्ये ‘आज काहीच दिलेलं नाही’ म्हणून चित्र काढून आलेलं असतं. मग साडेनऊपर्यंत आई, वही आणि रडं. पैसे देऊनही काम घरीच. यात क्लासचा दोष नाही, तरी तोडगा क्लासकडूनच काढता येतो. सातनंतर आलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये होईल, असं ठरवायचं आणि डायरीत शाळेच्या बाईंना तसं एका ओळीत लिहून द्यायचं. पालकसभेत अभ्यास शाळा सुटायच्या आत डायरीत लिहून द्यायची मागणी करा. चार-पाच सह्यांचं पत्र दिलं की ही मागणी तोंडी कुरकुरीपेक्षा लवकर मान्य होते.

प्रकल्पांचं वेगळं. तक्ता, थर्माकोल, चित्रं चिकटवणं, यासाठी काही क्लास वेगळे पैसे घेतात आणि तयार करून देतात. झेरॉक्सच्या दुकानातही तयार मिळतं. यावर एक रुपया घालवू नका.

फीचा हिशेब महिन्यावर करू नका, मिनिटावर करा. समजा महिना ८०० रुपये आणि २६ दिवस. दिवसाला साधारण ३१ रुपये. अठरा मुलांच्या खोलीत ते साडेपाच मिनिटांचे झाले. महिना १२०० घेणाऱ्या काकूंकडं सात मुलं असतील आणि वेळ एकच तास असेल, तर दिवसाला ४६ रुपयांत सात-आठ मिनिटं लक्ष मिळतं आणि मूल तासभर आधी घरी येतं. महाग दिसणारा क्लास इथं खरं तर मिनिटाला जवळपास तेवढाच पडतो, वर एक तास परत मिळतो. दहा महिने शिकवून बारा महिन्यांची फी घेतात का, हेही विचारा. डिपॉझिट असेल तर कुठल्या अटीवर परत, ते पावतीच्या मागं लिहून घ्या.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ ला ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली की शाळा बंद, क्लास बंद, कधी आठवडाभर. त्या दिवसांची फी कापणार, की तास भरून देणार? भरून देणार असतील तर रविवारी नको म्हणा, रविवार पुन्हा जातो. नदीकडच्या सखल भागात तळमजल्यावर क्लास असेल तर वह्या-पुस्तकं तिथं ठेवायची पद्धत नको. दप्तर रोज घरी.

पहिले तीन दिवस बहुतेक जण फुकट बसू देतात. ते असे वापरा. पहिल्या दिवशी जाताना आणि येताना वहीचा फोटो काढा, दोन तासांत किती पानं झाली आणि कुणाच्या अक्षरात, ते कळतं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये झालेल्या गणितासारखंच एक गणित तिसऱ्या दिवशी सकाळी, वही बंद ठेवून द्या. ४३८ गुणिले ३७ द्या, उत्तर १६२०६. चुकलं तरी चालेल, पण दुसऱ्या ओळीपाशी पोरगं थांबून विचार करतं का, ते बघा. तिसऱ्या दिवशी घड्याळ लावा: घरात पाय टाकल्यापासून झोपेपर्यंत किती मिनिटं, आणि त्यांतली किती जेवण-आंघोळ सोडून मोकळी. चाळीसच्या खाली आली तर तो क्लास कितीही चांगला असला तरी रोज सहा दिवस घेऊ नका.

क्लास लावताना आठवड्याचे तीनच दिवस मागा. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा तुमच्या सुट्टीप्रमाणे. बरेच क्लास आधी नाही म्हणतात, फी पाऊण करून घ्या म्हटलं की तयार होतात. क्लास नसलेल्या दिवशी घरी वीस मिनिटांचा काटा लावायचा: वही मुलाच्या हातात, मोठं माणूस शेजारी पण दुसऱ्या कामात, उत्तर सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात वही अर्धी राहील आणि शाळेतून शेरा येईल. शेऱ्यावर सही करून पाठवा. दुसऱ्या आठवड्यात मूल वीस मिनिटांत काय आधी उरकायचं ते ठरवायला लागतं, सहसा पाढे आणि शुद्धलेखन शेवटाला ढकलतं. तेव्हा एकदाच सांगा की नावडतं आधी. साधारण तिसऱ्या आठवड्यात काटा वाजायच्या आत वही बंद झाली, तर पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी उरलेले तीन दिवसही लागतात का, ते बघा.